सॅक दोन हव्यात, मनू

मनू,

व्हिएतनामची तिकिटं झाली, मार्च ठरला, आणि आता तू विचारते आहेस की दोघांत एक मोठी सॅक आणि एक छोटी पिशवी चालेल का. नाही चालणार. दोघांच्या दोन सॅक हव्यात आणि दोन्ही साधारण सारख्या वजनाच्या हव्यात. बाकी सगळं मी सांगेन आणि तू त्यातलं निम्मं तुझ्या मनाने बदलशील, ते मला चालेल. हे एवढं मात्र बदलू नकोस.

"त्याची पाठ मजबूत आहे, तो उचलेल," असं तू नवऱ्याबद्दल म्हणालीस. उचलेलही बिचारा. पण हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये फुटपाथवर स्कूटरी लावलेल्या असतात, उरलेल्या जागेत लोक बुटक्या स्टुलांवर बसून जेवत असतात आणि आपल्याला रस्त्याच्या कडेने, गाड्यांना अंग चोरत चालावं लागतं. तिथे अठरा किलो पाठीवर घेतलेल्या माणसाला "अजून एक गल्ली पुढे जाऊन दुसरं हॉटेल बघू या का?" असं विचारण्याची तुझी हिंमत होणार नाही. तुझी सॅक त्याच्या पाठीवर असली की निर्णयही हळूहळू त्याचेच व्हायला लागतात: कुठे थांबायचं, कधी रिक्षा करायची, किती चालायचं. तो मुद्दाम करतो असं नाही, वजनच ते करवून घेतं. आणि तू मनातल्या मनात उपकाराचं ओझं वाहत राहतेस. नव्या लग्नात हे नको.

उलट बाजूही सांगते, कारण तुला मी लहानपणापासून ओळखते. तो तुझी सॅक वाहील आणि त्या बदल्यात तू त्याचं सगळं सांभाळशील: त्याचा पासपोर्ट, त्याची औषधं, त्याचे मोजे, त्याच्या आईला करायचा फोन. घरात जे होतं तेच परदेशात सुरू. त्याचे मोजे त्याच्या सॅकमध्ये, त्याने स्वतः भरलेले. विसरले तर हनोईत मोजे मिळतात.

सॅक 40 लिटरची पुरे. भरल्यावर 7 किलोच्या आत राहिली तर उत्तम, कारण स्वस्त विमानांत केबिनमध्ये साधारण तेवढंच नेऊ देतात, आणि तुम्हाला देशातल्या देशातही एखादं विमान घ्यावंसं वाटेल. वजनाचा आपल्या शरीराशी हिशोब लावायचा तर दहावा हिस्सा हे माझं माप. तू 55 किलोची, म्हणजे साडेपाच किलो छान, सात ही हद्द. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून बघू नकोस. आत वजन टाकायला सांग आणि कमरेचा पट्टा नाभीवर नाही, कमरेच्या हाडावर बसतोय का ते बघ. भार कमरेवर यायला हवा, खांद्यावर फक्त तोल. आपल्या बायकांची पाठ बहुतेक वेळा पुरुषांच्या मापापेक्षा आखूड असते, त्यामुळे त्याच्यासाठी घेतलेल्या मॉडेलचीच दुसरी सॅक स्वस्तात मिळते म्हणून घ्यायची नाही. तुझी तू निवड.

आता कोणाच्या सॅकमध्ये काय. पासपोर्ट, डेबिट कार्ड, थोडे डॉलर, स्वतःची रोजची औषधं आणि फोन, हे ज्याचं त्याने, अंगाजवळच्या छोट्या पिशवीत. एकमेकांच्या पासपोर्टची आणि व्हिसाची छापील प्रत मात्र अदलाबदल करून ठेवा, आणि दोन्ही फोनमध्ये दोघांची कागदपत्रं असू देत, नेट नसतानाही उघडतील अशी. साबण, टूथपेस्ट, चार्जर, औषधांचा डबा हे सामायिक, ते वाटून घ्या. आणि कधी सॅक विमानाच्या पोटात द्यावी लागली, तर तुझा एक कपड्यांचा जोड त्याच्या सॅकमध्ये आणि त्याचा तुझ्या सॅकमध्ये. एक सॅक हरवली तरी दोघांच्या अंगावर दुसऱ्या दिवशी धुतलेले कपडे असतील.

दोघांतला एकजण कधीही एकटा पडू शकतो, हे धरूनच सामान बांधायचं. भांडण होऊन म्हणत नाही मी. स्टेशनवर एकजण पाणी आणायला उतरतो, एकाचा फोन बंद पडतो, एकाला दवाखान्यात ठेवावं लागतं. अशा वेळी दुसऱ्याकडे पैसे, कागद आणि हॉटेलचा पत्ता नसेल तर घाबरगुंडी उडते. हॉटेलचं कार्ड रोज दोघांनीही खिशात ठेवायचं, व्हिएतनामी भाषेत पत्ता असलेलं. पोलिसांसाठी 113 आणि रुग्णवाहिकेसाठी 115 हे आकडे पाठ कर. हनोईत आपला दूतावास आहे आणि हो ची मिन्ह सिटीत वाणिज्य दूतावास, दोन्हींचे पत्ते कागदावर लिहून घे.

व्हिसाकडे वळते. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंत मिळतो, एकदाच प्रवेशाचा असेल तर सरकारी शुल्क 25 डॉलर आणि अनेक प्रवेशांचा असेल तर 50. अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट व्हीएन असा असतो. तशाच दिसणाऱ्या आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या दुकानांत शिरू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

यात आपल्याकडच्या मुलींची एक खास गोम आहे. लग्नानंतर तुझं नाव आधारवर एक, बँकेत दुसरं आणि पासपोर्टवर माहेरचं. सासूबाई म्हणतील, "जाण्याआधी पासपोर्ट बदलून घे ना." आत्ता बदलू नकोस. तिकीट, व्हिसा, विमा, फॉरेक्स कार्ड, सगळं पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर. आपल्या मराठी पासपोर्टात बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. अर्ज भरताना तीच विभागणी ठेव. पासपोर्टच्या पानावर खाली बाणाच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्यांत नाव जसं छापलंय तसं बघून लिही. एवढ्याशा गोष्टीपायी विमानतळावर माणसं अडकतात. सासूबाईंना नीट समजावून सांग, त्या ऐकतील.

पैशांचं दोघांनी बसून ठरवा, तिथे जाऊन नाही. रुपये बदलून तिथे नीट भाव मिळत नाही, म्हणून डॉलर न्या, कोऱ्या, न दुमडलेल्या, काही न लिहिलेल्या नोटा, कारण मळकी नोट तिथे घेताना खळखळ करतात. शिवाय दोघांकडे दोन वेगळ्या बँकांची कार्डं असू देत. आपल्या कार्डांवर परदेशातला वापर आपण सुरू केल्याशिवाय सुरू होत नसतो, तर तो इथूनच अ‍ॅपमध्ये जाऊन सुरू करायचा. इथलं सिम बंद करून टाकू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. टॅक्सी बोलावायचं ग्रॅबचं अ‍ॅप पुण्यात असतानाच दोघांच्याही फोनवर घालून नंबर पडताळून ठेवा, टॅक्सीवाल्याशी भावाची हुज्जत घालायला नको.

तिथल्या नोटांवर शून्यं भारी. एक लाख डाँग म्हणजे आपले साधारण साडेतीनशे रुपये, दर पुढेमागे होतो. 20 हजाराची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आहेत, आणि रात्री दमून भागून पैसे देताना पंचवीसपट रक्कम हातातून जाते. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, एवढाच उपाय. आणि रोजचा खर्च कोण धरणार हे आळीपाळीने करा. एक आठवडा तू, एक आठवडा तो. ज्याच्या हातात पाकीट असतं त्याला वाटतं की दुसरा उधळतो, आणि ज्याच्या हातात नसतं त्याला आइस्क्रीमसाठी हात पसरल्यासारखं वाटतं. दोघांनी दोन्हीकडून बघितलेलं बरं.

कपड्यांनी मला खरंच काळजीत टाकलंय, कारण तू पाठवलेली यादी मी वाचली. जीन्स दोन! मार्चमध्ये हनोईत बारीक रिमझिम असते आणि हवा इतकी ओली की कोकणात श्रावणात भिंतींना सुटतं तसं तिथल्या फरशांना पाणी सुटतं. जीन्स तिथे वाळणारच नाही. ती वजनाला भारी, ओली झाली की आणखी भारी. पुढे तुम्ही दक्षिणेला उतराल तेव्हा हो ची मिन्ह सिटीत 35 अंशांचं ऊन असेल. देश उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरहून लांब आहे, म्हणून एकाच सॅकमध्ये दोन ऋतू भरायचे. जाड स्वेटर नको. एक पातळ फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं हलकं जाकीट, आत लांब बाह्यांचा टी-शर्ट. उत्तरेकडच्या हा जांगच्या डोंगरात थंडी वाजली की तिन्ही एकावर एक, हो ची मिन्ह सिटीत एकही नाही. लवकर वाळणाऱ्या दोन पँट, तीन-चार वरचे कपडे, एक सुती कुडता-सलवार, कारण त्याच्याइतकं गाडीत आरामाचं दुसरं काही नाही. अंतर्वस्त्रं पाच जोड. गावोगावी किलोवर कपडे धुऊन देणारी दुकानं आहेत, बऱ्याच ठिकाणी वाळवूनही देतात. जास्तीचं काही लागलंच तर होई आनमधले शिंपी एक-दोन दिवसांत मापाचे कपडे शिवून देतात. मनू, तू तिथे शिवून घेणारच आहेस, मला माहीत आहे. त्याची जागा आत्ताच मोकळी ठेव.

टॉवेलऐवजी पंचा ने. आबांच्या कपाटात दोन कोरे आहेत. ट्रेकिंगच्या दुकानातला महागडा मायक्रोफायबर मला कधी आवडला नाही, अंगाला चिकटतो. पंचा हाताएवढा दुमडतो आणि पंख्याखाली तासाभरात वाळतो. आणि एक मोठी सुती ओढणी. उन्हात डोक्यावर, एसी बसमध्ये पांघरूण, डॉर्मिटरीत खालच्या पलंगाला पडदा, देवळात खांद्यावर.

देवळाचं म्हणताना, होई आनहून 'मी सन'ला जाच. चौथ्या शतकापासून चाम राजांनी बांधलेली शंकराची देवळं आहेत तिथे. 1969 च्या बॉम्बफेकीत त्यांतली बरीच पडली, आणि अलीकडे आपल्याच पुरातत्त्व खात्याने त्यांतल्या काही समूहांची डागडुजी केली. ते काम चालू असताना 2020 मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. खांदे-गुडघे झाकलेले असू देत, आणि सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत.

सोन्याचं मंगळसूत्र आईकडे ठेवून जा. हे मी आईशी बोलले आहे, तिला वाईट वाटणार नाही. हवं तर बारीक काळ्या मण्यांचा सर घाल. हो ची मिन्ह सिटीत चालत्या मोटरसायकलवरून फोन आणि पर्स हिसकावतात. म्हणून पिशवी रस्त्याच्या बाजूला नाही, इमारतीच्या बाजूला लटकवायची आणि नकाशा बघायचा तर दुकानाच्या पायरीवर चढून.

आता जरा जवळ ये, हे फोनवर नीट बोलता येत नाही.

नव्या लग्नात आणि लांबच्या प्रवासात बायकांना लघवीचा संसर्ग फार होतो. कारणं साधी आहेत. बसमध्ये जावं लागेल म्हणून आपण पाणी पीत नाही, घाम येतो, आणि दोघं जवळ असता. जाण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, संकोच न करता सांग की इतक्या दिवसांचा प्रवास आहे, आणि लागली तर घ्यायची गोळी चिठ्ठीसकट लिहून घे. तुझी तू घेऊ नकोस, कुणी मैत्रिणीने सांगितली म्हणूनही नाही. पाणी पी. संबंधानंतर लघवीला जा. हे आपल्याला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

पाळी पुढे ढकलायची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. खरं तर ढकलूच नकोस, पहिले दोन दिवस एखाद्या शांत गावी, निन्ह बिन्हसारख्या ठिकाणी, स्वतःच्या बाथरूमच्या खोलीत काढ. पॅड तिथे सगळीकडे मिळतात, टॅम्पॉन सहज मिळत नाहीत. कप वापरत असशील तर उत्तम, पण पहिल्यांदा प्रवासात वापरू नकोस, आत्तापासून दोन महिने घरी सवय कर. गर्भनिरोधकाचं जे ठरलं असेल ते इथूनच पुरेसं न्या, आणि ते तुझ्या एकटीच्या जबाबदारीत घेऊ नकोस, त्याच्याही सॅकमध्ये असू दे. तुझी गोळी चालू असेल आणि जुलाब-उलट्या झाल्या तर तिचा भरवसा कमी होतो, हे लक्षात ठेव. एक दिलासा देते: तिथल्या बहुतेक संडासांत आपल्यासारखा पाण्याचा पाइप असतो.

बाकीच्या औषधांत ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, जखमेचं मलम, चिकटपट्टी, डासांचं क्रीम, आणि घाटासाठी एव्होमिन. हा जांगच्या वळणांवर भले भले आडवे होतात. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. तिथे डेंग्यू आहे, आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्या घरच्या डब्यात असलेल्या कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, ती पट्टी काढून ठेव. सगळी औषधं मूळ पाकिटात ने. निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना लसींचं विचार: हेपटायटिस ए, टायफॉइड, धनुर्वात. कुत्रा चावला, नुसता ओरखडा निघाला, तरी साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दुसऱ्या गावी पोहोचल्यावर नाही.

विमा काढाच, आणि त्यात मोटरसायकलबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाच. हा जांग लूपचे व्हिडिओ बघून तुम्हा दोघांना भाड्याची बाइक घ्यायची आहे, हे मला कळलंय. आपल्याकडे आरटीओ देतं तो आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा करारातला. व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतं. म्हणजे आपला परवाना तिथे कायदेशीर नाही, आणि परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. तिथले स्थानिक चालक मागे बसवून नेतात, इझी रायडर म्हणतात त्यांना. तुम्हा दोघांना दोन चालक लागतील. नवऱ्याच्या मागे बसून फोटो काढायची हौस राहील, राहू दे. मा पी लेंगच्या खिंडीत खाली न्हो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते. ती बघताना हँडल आपल्या हातात नसलेलंच बरं. बाइकवाला किंवा आणखी कुणी पासपोर्ट गहाण मागेल, द्यायचा नाही. हॉटेलात नोंदणीसाठी घेतात ते ठीक, पण त्याच दिवशी परत मागून घ्यायचा.

लांबच्या पल्ल्याला मी रात्रीच्या बसपेक्षा ट्रेन निवडेन. स्लीपर बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घ्यावे लागतात, झोपायची खाच उंच माणसाला आखूड पडते, आणि चालक वेगाने हाकतात. हनोईहून ह्वेला ट्रेन 13-14 तास घेते, चार जणांचा मऊ बर्थचा डबा घ्या. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा सगळा मार्ग 1936 मध्ये पुरा झाला, युद्धात तुटला आणि देश एक झाल्यावर 1976 अखेर पुन्हा जोडला गेला. ह्वे ते दा नांगचा तुकडा दिवसाच करा. दक्षिणेकडे जाताना डाव्या खिडकीशी बसा, हाय व्हान घाटात समुद्र त्या बाजूला आहे.

खाण्याचं. त्याला काही अडचण नाही, तो सगळं खातो. तू शाकाहारी, आणि तिथे भाज्यांतही माशाचा सॉस, नुओक माम, पडतो. घाबरू नकोस. सी-एच-ए-वाय अशी अक्षरं पाटीवर दिसली की ती शाकाहारी खाणावळ. अमावस्येच्या नि पौर्णिमेच्या सुमाराला तिथले पुष्कळ लोक शाकाहार पाळतात, तेव्हा तर नेहमीच्या दुकानांतही सोय होते. 'तोय आन चाय', मी शाकाहारी, एवढं वाक्य पाठ कर आणि फोनवर लिहूनही ठेव, कारण स्वर चुकला तर त्यांना कळत नाही. घरून जास्त काही नेऊ नकोस. आई दशम्या, चिवडा, लाडू सगळं भरेल, तिला प्रेमाने थांबव. पहिल्या दिवसापुरत्या दशम्या, आणि पाव किलो मेतकूट. पांढरा भात तिथे कुठेही मिळतो. पोट बिघडल्यावर खोलीवर गरम भात मागवायचा आणि त्यावर मेतकूट-मीठ. ते लागतंच कधीतरी.

आणि मनू, एकत्र असण्याबद्दल. घरात तुम्ही दिवसाचे दहा तास वेगवेगळ्या ऑफिसांत असता. तिथे चोवीस तास एका खोलीत, एका पलंगावर, एका छत्रीखाली. जे खटके उडतील त्यांतले बहुतेक भुकेचे किंवा झोपेचे असतील. म्हणून रात्रभराच्या प्रवासानंतर काहीही खाल्ल्याशिवाय एकही निर्णय घ्यायचा नाही, असं आधीच ठरवून टाका. तीन-चार दिवसांतून एकदा अर्धा दिवस वेगळे फिरा. तू संग्रहालयात जा, तो कॉफी पीत बसू दे. संध्याकाळी भेटल्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. तुझे जिजू आणि मी आजही असंच करतो. डॉर्मिटरीत पैसे वाचतात, पण सलग पाच रात्री नको. मध्ये दोघांची स्वतःची खोली घ्या, दार लावून मनसोक्त झोपा.

नकाशाही आळीपाळीने. एक दिवस वाट तू काढ, एक दिवस त्याने. ज्याची पाळी असेल त्याची वाट चुकली तर दुसऱ्याने सुस्कारा सोडायचा नाही. हे जमवायला फार मन लागतं, मी खोटं नाही सांगत. भीती वाटली तर तेव्हाच बोल. अंधाऱ्या गल्लीत, गाडी वेगात असताना, बोटीत लाइफ जॅकेट नसेल तेव्हा, "मला हे नको" एवढं म्हटलं की पुरे. कारण द्यावं लागू नये, आणि त्याने हट्ट धरू नये. त्याला भीती वाटली तर तोच नियम त्यालाही. पुरुषांना भीती सांगायला शिकवलेलं नसतं, म्हणून तू त्याला आधीच सांगून ठेव.

घरच्यांचं: रोज दोन घरी, चार माणसांना फोन करायचा बेत करू नका. दोन्ही घरांचा मिळून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, रोज रात्री एक ओळ नि एक फोटो. एक दिवस तू टाक, एक दिवस त्याने. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे तुमचे रात्रीचे दहा ते इथले साडेआठ, आई-बाबांचं जेवण उरकलेलं असतं. डोंगरात नेट नसेल त्या दिवसांची आगाऊ कल्पना देऊन ठेवा, नाहीतर बाबा रात्रभर जागतील.

निघण्याच्या तीन आठवडे आधी एका रविवारी दोघांनी संपूर्ण सॅक भरून, तेच बूट घालून, आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा. पाण्याची बाटलीसुद्धा त्यातच. अर्ध्या वाटेवर कळेल की हेअर ड्रायर कशाला घेतला. घरी आल्यावर सगळं पलंगावर पसरा आणि ज्याला दिवसभरात हात लागणार नाही असं वाटतं ते बाजूला काढा. काढताना तू त्याच्या सॅकमधलं काढू नकोस आणि त्याने तुझ्यातलं. सांगा, सुचवा, पण हात ज्याचा त्याने घालायचा.

व्हिसाचा अर्ज या शनिवारी भरायला बसा. त्यात देशात शिरण्याचं ठिकाण विचारतात, तिथे तिकिटावर आहे तेच, हनोईचं नोई बाय विमानतळ लिहा. पैसे भरण्याआधी दोघांचे अर्ज मला पाठव. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टचा नंबर मी एकदा वाचून बघते, परक्या डोळ्यांना चूक लवकर दिसते.

तुझी,
ताई